नसलेले खड्डे

बाबा सायकलवरून उतरले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हती. एक हात फाटकाच्या गजाला, दुसरा नाडीवर, आणि डावं पाऊल असं टेकवलेलं, जणू खाली जमीन आहे की नाही याची अजून खात्री पटायची आहे.

"काय झालं, बाबा?"

"कुठे काय? नाडी."

"नाडी बांधलेली आहे."

"मग घट्ट करतोय."

बाबांना दिसत नाही. तरुणपणी एका तापात त्यांची नजर गेली. त्यामुळे त्यांना वाटतं की त्यांचं खोटं समोरच्यालाही दिसत नाही.

आई गेल्यानंतरची ही आमची पहिली मोठी फेरी. आमची सायकल दोघांची आहे: दोन सीटा, दोन हँडलं, पॅडलांच्या दोन जोड्या आणि त्यांना एकत्र बांधणारी चेन. पुढचा माणूस रस्ता बघतो, वळतो, ब्रेक दाबतो. मागचा नुसतं पॅडल मारतो. पुढे आई असायची, मागे बाबा. आता पुढे मी होते.

बाबा इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होते. आई त्याच इस्पितळाच्या तळघरात कृत्रिम पाय बनवायची, आणि प्लास्टरच्या गोण्या वेळेवर आल्या नाहीत की वर फोन करून भांडायची. भांडणाची लाइन बाबांमार्फत जायची. पुढे पुढे ती लाइन पलीकडे जोडलीच जाईना, आणि तरी बोलणं चालू राहायचं, असं बाबा सांगत. आई म्हणायची, "काहीतरीच. गोण्या आल्या की मी फोन ठेवून द्यायचे." कोण खरं बोलत होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सायकलची कल्पना आईची. बाबांना कुठेही जायचं तर कुणाचा तरी कोपर धरावा लागतो, आणि कोपर ज्याचा असतो तो माणूस हमखास हळू चालतो. सायकलवर कोपर नाही. "तोंडावर वारा येतो आणि कोणी 'सांभाळून' म्हणत नाही," असं बाबा म्हणत. वर्षातून एकदा दोघं धरणापर्यंत जायची. डोंगराच्या कडेने सबंध सकाळ, तिथे कठड्याशी थोडा वेळ, मग परत. यंदा बाबांनी तो विषय एकदाच काढला, चहाचा कप विसळता विसळता. "धरणाला जायचं का गं? म्हणजे, तुला जमणार असेल तर."

मी हो म्हटलं, आणि वर एक वाक्य जोडलं: "पण तुम्हाला काही त्रास झाला तर नाही हं जायचं." माझ्या मते ती काळजी होती. बाबांच्या मते ती अट होती. म्हणून नाडी.

सीटच रुतत असणार असं धरून मी सायकलच्या दुकानात गेले. दुकानदाराने रुंद, जेल भरलेली सीट पुढे केली आणि अंगठ्याने दाबून दाखवली. अंगठा आत गेला. "वडिलांना मऊ द्या, ताई. या वयात मऊच पाहिजे." मी आईने बसवलेली टणक सीट काढली आणि ती मऊ लावली.

"वा!" बाबा वर बसून म्हणाले. "सोफाच की. वर्तमानपत्र वाचून दाखवणारं कोणी मिळेल का?"

मऊ सीटवरच्या पहिल्या फेरीहून परतल्यावर ते दोन्ही तळहात भिंतीला टेकून उभे राहिले. बराच वेळ. या वेळी नाडीचं नाव निघालं नाही.

"दुखतंय?"

"दुखत नाहीये गं. दुखलं असतं तर सांगितलं असतं."

"मग?"

"बसायच्या जागेला काही कळेनासं होतं. खाली मुंग्या येतात, मग मुंग्याही जातात. उतरलो की येतं हळूहळू परत. मुंग्यांसकट."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी प्रूफं तपासते. वैद्यकाची पुस्तकंही माझ्या टेबलावरून जातात. हाडं आणि सीट यांच्या मध्ये एक नस सापडते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि हे पुन्हा पुन्हा होत राहिलं तर एक दिवस संवेदना परत येत नाही. दुखणं आरडाओरडा करतं. बधिरपणा गप्प बसतो, म्हणून लबाड.

"एक तर हे थांबवायचं," मी म्हटलं, "नाहीतर धरण विसरायचं."

बाबांनी भिंतीवरचे हात काढले आणि कपडे बदलायला आत गेले. आमच्या घरात कुठलीही वस्तू जागची हलत नाही, म्हणून ते घरात झपझप चालतात. त्या दिवशी ते खुर्चीला धरून गेले.

आईच्या वर्कशॉपमध्ये माझं बालपण प्लास्टरच्या गोण्यांवर बसून गेलं. शाळा सुटली की मी तिथे. एक माणूस मला पक्का आठवतो. ट्रक चालवणारा, गुडघ्याखाली पाय गेलेला. नवा पाय टोचतो म्हणून त्याने त्याच्या खोबणीत, उरलेला पाय बसतो तिथे, कापूस कोंबून आणला होता, आणि आता कातडी सोलून निघाली होती. आईने चिमट्याने तो सगळा कापूस उपसून काढला.

"बाई, मऊ राहावं म्हणून भरला हो."

"मऊ म्हणजे सगळीकडे दाबणं," आई म्हणाली. "अंगाला काही जागा भार घ्यायला दिल्यात, काही दिलेल्या नाहीत. ज्यांना दिलंय त्यांनीच घ्यायचा. बाकीच्यांना मोकळं सोडायचं."

मग तिने जांभळी पेन्सिल जिभेला लावून ओली केली आणि त्याच्या पायावर खुणा केल्या: इथे चालेल, इथे नाही. त्या खुणा करताना ती माणसाच्या तोंडाकडे बघायची, पायाकडे नाही. खोबण कोरून, घासून झाली, पाय चढवला, की ती दोन पावलं मागे सरायची आणि मोठ्याने म्हणायची, "उठा!" भीतीने गारठलेली माणसं विचार करायच्या आधीच उठून उभी राहायची. मी तो आवाज इतक्या वेळा ऐकला आहे की आजही कोणी तसं म्हटलं तर माझे गुडघे आधी ऐकतील, कान नंतर.

त्या कापसाच्या आठवणीने मला मी केलेला प्रकार कळला. जेलमध्ये बाबांची हाडं बुडत होती आणि मधला सगळा मऊ भाग भार उचलत होता.

पुस्तकांच्या पार्सलचं खोकं मी फाडलं, त्याचा पन्हाळीदार पुठ्ठा जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवला आणि बाबांना त्यावर बसायला सांगितलं. आई सायकलवाल्या सगळ्या मैत्रिणींना असंच बसवायची. पाय थोडे वर, पुढे वाकून, आणि स्वस्थ. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. मी पट्टी शोधेपर्यंत बाबांनी ते बोटांनी चाचपले.

"हा मी?"

"हे तुमच्या बैठकीचं हाड. हे दुसरं."

"आयुष्यभर एवढ्याशावर बसलो होय!"

मी पुठ्ठा आईच्या जुन्या सीटवर धरला. दोन खळगे सीटच्या दोन रुंद उंचवट्यांवर अचूक आले. मग मी ती सीट नीट पाहिली. आईचीच करणी होती ती. मधोमध तिने लांबट खाच कापली होती, आणि तिच्या कडा तिरप्या घासून, गुळगुळीत करून घेतल्या होत्या, खोबणीच्या कडा करायची तशाच. सीटची पुढची चोच केसभर खाली यावी म्हणून सांध्यात प्लास्टिकची पातळ चकती होती. रंगावरून वर्कशॉपमधलीच वाटली. बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. इतकी वर्षं ती सीट आमच्या पॅसेजमध्ये उभी होती आणि मी तिच्यावर छत्री अडकवत होते.

सीट परत चढली. उरला कपड्यांचा प्रश्न.

"बाबा, ती पॅड लावलेली चड्डी घालता ना, तिच्या आत आणखी काही घालता का?"

"हे तुझ्याशी बोलायचे विषय नाहीत."

"आतल्या चड्डीची शिवण रुतते. आत काही घालायचं नसतं. मी वाचलंय."

"मग पुस्तकालाच सांग."

पण पुढच्या फेरीनंतर दोरीवर एक कपडा कमी वाळत होता. घासू नये म्हणून मी आणलेली मलमाची डबीही थोडी रिकामी झाली होती.

फरक पडला. छोट्या फेऱ्यांना बाबा उतरून सरळ चालू लागले. पण लांबच्या फेरीवर, डोंगराकडच्या गुळगुळीत रस्त्याने जाऊन आलो, की पुन्हा नाडी. सीट बरोबर, उंची बरोबर, कपडे बरोबर, आणि तरी. धरण त्याहून बरंच लांब होतं. ठरलेला रविवार तोंडावर आला होता. मी मनात बाबांना नाही कसं सांगायचं याची वाक्यं जुळवायला लागले, आणि तपासून तपासून खोडायला लागले.

तेव्हा दातमावशी आली. दातमावशी म्हणजे आईची मैत्रीण, दातांची डॉक्टर. बरीच वर्षं ती आपल्या सायकलवरून आई-बाबांच्या मागे मागे जायची. बाबा झोपले होते. मी तिला सगळं सांगितलं.

"तू त्यांना उठवतेस का मध्ये मध्ये?" तिने विचारलं.

"खड्डा आला की सांगते ना. 'खड्डा, उठा,' म्हणते. आई म्हणायची तसंच."

"आणि खड्डा नसला की?"

"नसला की काय सांगणार?"

मावशीने कप खाली ठेवला. हसू आवरेना तेव्हा तिने नसलेला पदर खांद्यावर सारखा केला, ही तिची साडीच्या दिवसांतली जुनी सवय. "अगं वेडाबाई, त्या रस्त्याला तुझ्या आईने पाडले तेवढे खड्डे पावसानेसुद्धा पाडले नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे आरशासारखा रस्ता असायचा आणि ही ओरडायची, 'खड्डा! उठा!' की दोघांची बुडं हवेत. थोडं अंतर तसंच जायचं, मग खाली. पुन्हा थोड्या वेळाने खड्डा. पहिल्यांदा मागून पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला भास होतात. थांबल्यावर विचारलं. तर म्हणाली, 'अगं, आपण बघणारी माणसं. गचका दिसला की आपण आपोआप जरा उचलले जातो. यांना दिसत नाही, हे पोत्यासारखे बसून राहतात. आणि थोडं उठा म्हटलं की म्हणतात, मी ठीक आहे. मरेपर्यंत ठीक आहेत ते! पण खड्डा म्हटलं की उठतात. खड्ड्याशी कोण वाद घालणार?'"

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांना कुठून कळणार?" मावशी म्हणाली. "त्यासाठीच तर केलेलं."

ती गेल्यावर मी पॅसेजमध्ये सायकलपाशी उभी राहिले. आमच्या घराला दोनच नियम आहेत आणि ते आईने घातलेले आहेत. बाबांना न सांगता वस्तू हलवायची नाही, आणि जे नाही ते आहे म्हणायचं नाही. लहानपणी मी एकदा गमतीने म्हटलं होतं, "बाबा, समोर पायरी आहे," आणि पायरी नव्हती. बाबांचा पाय हवेतून जमिनीवर आपटला. आई मला रागावली नाही. तिने माझे डोळे रुमालाने बांधले आणि संध्याकाळभर तसंच फिरू दिलं. दिसत नसलेल्या माणसाशी खोटं बोलणं म्हणजे त्याच्या पायाखालची फरशी काढणं, हे मी त्या संध्याकाळी शिकले. आणि शिकवणारी बाई वर्षानुवर्षं त्याच माणसाला नसलेले खड्डे सांगत होती.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने तिचाच नियम फक्त एका जागी मोडला होता, जिथे खऱ्याने काम होत नव्हतं. आणि तोही पूर्ण विचार करून, कडा घासून गुळगुळीत करून. पण मला तो मोडता येईल का, हे काही कळेना.

रविवारी आम्ही उजाडताना निघालो. दातमावशी मागे होती. गाव संपलं, डोंगराकडचा रस्ता लागला. काळा, गुळगुळीत, एका रेषेत ओतलेला. त्यात खड्डा शोधायचा तर कुदळ घेऊन यावं लागलं असतं. बाबा मजेत होते. उजव्या हाताला लाकडाची वखार आली, हे त्यांनी वासावरून सांगितलं. मग पूल आला, आवाज बदलला, पूल गेला.

दोघांच्या सायकलवर पाठीमागचा माणूस दिसत नाही, पण चेनमधून पायाला कळतो. बाबांचं पॅडल एका तालात येत असतं. हळूहळू तो ताल लंगडायला लागला. ते भार बुडाच्या या बाजूवरून त्या बाजूवर टाकत होते. दर वेळी सायकल किंचित डोलायची. बोलणंही थांबलं होतं. मी म्हटलं असतं, "बाबा, थोडं उठू या का?" तर काय उत्तर येणार, तेही मला पाठ होतं.

रस्ता समोर स्वच्छ पडला होता.

"खड्डा!" मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच तो पटला नाही. मग पोटातून म्हटलं, "उठा!"

आम्ही उठलो. माझ्या आधी बाबा उठले, किंवा एकदमच. इतक्या वर्षांच्या सरावाने त्यांचं अंग कुठलाही झटका न देता वर आलं आणि सायकल एकदम हलकी झाली. थोडं अंतर आम्ही तसेच गेलो, मग बसलो.

माझे कान तापले होते.

"मोठा होता का गं?" बाबांनी विचारलं.

"बराच."

"हं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने वाटेतल्या वासांबद्दल, आवाजांबद्दल पुन्हा बोलायला लागले.

त्यानंतर मी खड्डे पाडत गेले. चढ संपला की खड्डा. मैलाचा दगड दिसला की खड्डा. एकदा मावशी मागून ओरडली, "जपून गं, केवढाले खड्डे हे!" आणि मला हसू दाबावं लागलं. चहाला थांबलो तेव्हा बाबा उतरले, दोन्ही पाय जमिनीवर आपटून पाहिले, आणि बाकड्यापर्यंत माझा कोपर न शोधता, आपली घडीची काठी टेकत गेले. नाडीकडे त्यांचा हात गेला नाही.

धरणावर पोहोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. बाबांनी कठड्याचा लोखंडी नळ दोन्ही हातांनी धरला. सांडव्यावरून पाणी पडत असलं की तो नळ थरथरतो. हाताला कळतं, डोळ्याला नाही. त्यांच्यासाठी धरण म्हणजे ते थरथरणं. मावशी फोटो काढायला पुढे गेली होती.

"पुलाच्या पुढे," बाबा म्हणाले, "तू पहिला खड्डा सांगितलास ना. तिथे खड्डा नसतो."

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"दुसरा ठीक होता. तिथे तीही सांगायची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, खड्डा आला तर चाकाला कळेल की नाही? चाकाला कधी काही कळलंच नाही."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या खड्ड्यापासून."

"मग बोलला का नाहीत तिला कधी?"

बाबांनी नळावरची पकड थोडी सैल केली, पुन्हा घट्ट केली. "काय बोलणार? किती निगुतीने करायची ती. दर वेळी वेगळ्या आवाजात. कधी घाबरून, कधी चिडून. 'काय मेले रस्ते करतात,' वगैरे. एवढी मेहनत घेतली होती बाईने. मी नुसतं उठायचं, एवढंच तर काम होतं." मग ते म्हणाले, "आणि मला उठायचंच असायचं. फक्त ते मला म्हणवत नसे."

पाणी पडत होतं. मी पण नळाला हात लावला.

परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. मी खाली मान घालून पॅडल मारत होते. डोक्यात तळघरातला तो आवाज होता, जांभळी पेन्सिल, कडा घासणारे हात, आणि एका सरळ रस्त्यावर चिडून म्हटलेलं 'काय मेले रस्ते करतात'. ती इतकं छान नाटक करायची आणि मी एकदाही प्रेक्षकांत नव्हते. पूल आला, गेला. खड्डे सांगायचे राहून गेले. माझे पाय केव्हा जड झाले ते मला कळलं नाही. चेनला कळलं असावं.

"खड्डा," मागून बाबा म्हणाले.

मी पुढे पाहिलं. रस्ता काळा, कोरडा, थेट वखारीपर्यंत मोकळा.

"कुठे, बाबा?"

"हा काय, समोर. केवढा मोठा. काय मेले रस्ते करतात." आणि मग, तळघरातून वरच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात, "उठा!"

माझ्या गुडघ्यांनी आधी ऐकलं. मी उठले, मागे बाबा उठले. सायकल हलकी झाली, वारा छातीवर आला, आणि खांद्यांतून काहीतरी सुटून खाली वाहायला लागलं, मुंग्यांसकट.

"आता तुम्हालाही दिसायला लागले का?" मागून मावशी ओरडली.

"मोठा आहे, दातबाई!" बाबा ओरडले. "तुम्हीही उठा!"